वालावलकरांची बेगमी

सिंगापुरात आल्यापासून नीलिमा वालावलकरला एकही धड आंबा खायला मिळाला नव्हता. आंब्यांना तोटा नव्हता. दर उन्हाळ्यात लिटल इंडियातून हापूसची पेटी यायची, चांगली सणसणीत, घरभर वास सुटायचा. पण तिच्या नवऱ्याचा, निशिकांतरावांचा, नियम होता की जो आंबा डागाळला तो आधी संपवायचा. मग आज डागाळलेले दोन खायचे. उद्यापर्यंत चांगल्यातले आणखी दोन डागाळलेले असायचे, की त्यांची पाळी. अशा रीतीने पेटी संपेपर्यंत हे कुटुंब नेमाने नासके आंबे खायचं आणि चांगले आंबे नासायची वाट बघत बसायचं.

"एखादा चांगला आधी खाल्ला तर काय होईल?" नीलिमाने एकदा विचारलं होतं.

"मग डागाळलेला वाया जाईल," निशिकांतराव म्हणाले. काडेपेटीशी खेळणाऱ्या पोराकडे बघावं तसे ते बायकोकडे बघत होते.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. कंजूष तर मुळीच नव्हता. वेंगुर्ल्याचा मुलगा, सगळं आयुष्य जहाजांवर इंजीनखोलीत काढलेलं, शेवटी चीफ इंजिनीअर. जहाज सोडल्यावर काही वर्षं तांजोंग पगार भागातल्या एका कंपनीत बसून इतरांच्या जहाजांची दुरुस्ती पाहिली आणि गेल्या वर्षी, म्हणजे २०१५ साली, निवृत्त झाले. समुद्राच्या मधोमध दुकान नसतं. तिथे तेल, पाणी, सुटे भाग सगळं हाताशी असावं लागतं आणि त्यातलं शेवटचं कधी वापरायचं नसतं. ही सवय अंगात इतकी मुरली होती की घरच्या टूथपेस्टलासुद्धा राखीव ट्यूब होती आणि त्या राखीव ट्यूबला आणखी एक राखीव.

पण खरं वेड लागलं ते सरकारमुळे. या देशात तांदूळ पिकत नाही, म्हणून परदेशातून तो आणणाऱ्या व्यापाऱ्यांना काही साठा कायम गोदामात ठेवावा लागतो, युद्ध झालं किंवा जहाजं अडली तर असावा म्हणून. आणि तो पडून राहू नये म्हणून जुना बाहेर काढायचा, नवा आत भरायचा. हे निशिकांतरावांना कुठेतरी वाचायला मिळालं आणि त्यांना अगदी भरून आलं. आपल्यासारखा विचार करणारं कुणीतरी जगात आहे, आणि तेही थेट सरकार!

"देश सगळ्यांसाठी साठा ठेवतो," ते म्हणाले, "मग मी तिघांसाठी ठेवू नये?"

जागेचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या ब्लॉकमध्ये प्रत्येक फ्लॅटला एक बॉम्ब शेल्टर होतं. जाड भिंतींची, लोखंडी दरवाजाची, खिडकी नसलेली एवढीशी खोली. युद्धात माणसांनी त्यात बसायचं, अशी सरकारची योजना. शांततेच्या काळात लोक तिथे सुटकेसा, मोडकी सायकल आणि फेकायला जिवावर येणारे पंखे ठेवतात. नीलिमाच्या मनात तिथे देवघर करायचं होतं. तिने तसं बोलूनही दाखवलं. पण देवांच्या आधी तांदूळ आत गेला. मागोमाग कुळथाचं पीठ, कोकम, साबुदाणा, शेंगदाणे, गूळ, डब्यातलं नारळाचं दूध, पाण्याचे कॅन, आणि हवाबंद डब्यात सुके जवळे. देव अजूनही फ्रिजवर होते.

सरकारचा नियम घरातही लागू झाला. नवा तांदूळ आला की तो शेल्टरमध्ये जायचा आणि तिथला सर्वांत जुना स्वयंपाकघरात यायचा. पुढे पुढे तेवढंही निशिकांतरावांना सहन होईना. अदलाबदलीत साठा काही मिनिटं का होईना, कमी होतो. मग शेल्टरमधला साठा त्यांनी "पक्का राखीव" म्हणून जाहीर केला, त्याला हात लावायचा नाही, आणि त्याच्या पुढ्यात बाहेर एक दुसरा, "चालू" साठा सुरू केला. सरकारच्याही एक पाऊल पुढे गेले ते.

"बाबा, धिस इज नॉट नॉर्मल लाह," त्यांची मुलगी वल्लरी म्हणायची. ती पंधरा वर्षांची होती, आणि त्या वयात आईबाप जे काही करतात ते नॉर्मल नसतंच, म्हणून तिचं कुणी मनावर घेतलं नाही.

नीलिमा मात्र गप्प होती, आणि तिला कारण होतं. निवृत्तीनंतर नवऱ्याचं काय होत चाललंय ते ती बघत होती. सकाळी उठून दाढी करायची, इस्त्रीचा शर्ट घालायचा, पायात बूट चढवायचे, आणि मग जायचं कुठे हे आठवत उभं राहायचं. लिफ्टचा आवाज जरा वेगळा आला तर खाली जाऊन तासभर ऐकत थांबायचं. कुणाचा नळ गळतोय का, म्हणून ओळखीच्यांना फोन करायचे. ज्याच्या एका हाकेला इंजीनखोलीतली सगळी माणसं धावत यायची, त्याला आता दिवसभरात कुणी एक प्रश्नसुद्धा विचारत नव्हतं. तांदळाची पोती मोजताना तरी त्यांचा चेहरा पूर्वीसारखा दिसायचा. म्हणून ती पोती तिने सहन केली.

अशात फेब्रुवारीत ब्लॉकच्या रहिवासी समितीने खालच्या मोकळ्या जागेत एक कार्यक्रम ठेवला. विषय होता, युद्ध किंवा तसंच संकट आलं तर घरात काय काय असावं. समितीच्या लिम आंटी फलकावरची चित्रं दाखवत होत्या. पाणी, बॅटरी, रेडिओ, सुकं अन्न. निशिकांतराव पहिल्या रांगेत. त्यांनी हात वर केला, आणि मग तो खाली आलाच नाही. पाणी किती दिवसांनी बदलायचं, तांदळाला कीड लागू नये म्हणून काय करायचं, शेल्टरच्या दाराचं रबर कसं तपासायचं... शेवटी लिम आंटी बाजूला खुर्चीत बसून ऐकू लागल्या.

"मिस्टर वाला," त्या कार्यक्रमानंतर म्हणाल्या. पूर्ण आडनाव त्यांना झेपत नव्हतं. "आम्हाला ब्लॉकसाठी माणूस हवाय. संकटात साठ्याचं सगळं बघणारा. बाकीचे लोक फुकटची बॅटरी घेतात आणि घरी जातात."

नेमणुकीआधी एक छोटा सराव होता. शनिवार-रविवार दुकानं बंद आहेत असं त्यांनी आणि समितीनेही समजायचं. बाहेरचं खायचं नाही, काही विकत आणायचं नाही, घरातल्या साठ्यावर राहायचं. रविवारी संध्याकाळी समितीची माणसं येणार, साठा बघणार, त्यातूनच रांधलेलं जेवणार. सगळं ठीक दिसलं तर वालावलकर त्या ब्लॉकचे साठाप्रमुख. चकाकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीटही मिळणार होतं.

त्या दिवशी निशिकांतराव घरी आले ते लिफ्टने न येता जिन्याने आले. नीलिमाने त्यांना शिट्टी वाजवताना ऐकलं, आणि तिला रडू आलं. हे काम यांना मिळायलाच हवं, एवढंच तिच्या मनात आलं. जाकीट त्यांच्यापेक्षा तिलाच जास्त हवं होतं.

शनिवार उजाडला. स्वयंपाकघरातला तांदळाचा डबा संपत आला होता, म्हणून ती शेल्टरकडे गेली. दारात निशिकांतराव उभे.

"काय हवंय?"

"तांदूळ. सरावाचं जेवण करायला नको?"

"सरावासाठी राखीव साठा फोडायचा?" त्यांनी दोन्ही हातांनी दार अडवलं. "अगं, साठा युद्धासाठी आहे."

"अहो, पण सराव युद्धाचाच आहे ना!"

"सराव म्हणजे खोटं युद्ध. खोट्या युद्धात खरा तांदूळ संपवला आणि सोमवारी खरं युद्ध झालं, म्हणजे?"

नीलिमाने डोक्याला हात लावला. सोमवारी युद्ध होण्याची शक्यता फारशी नाही, हे तिने सांगून पाहिलं. ज्यांच्यावर युद्धं आली त्यांनाही शुक्रवारी असंच वाटत होतं, असं उत्तर आलं. मग चालू साठ्यातून घेऊ, ती म्हणाली. तर चालू साठा समितीला दाखवायला भरलेला दिसला पाहिजे. बरं, मग दुकानातून आणू? छे, दुकानं बंद! नियम म्हणजे नियम. थोडक्यात, दोन महिने पुरेल एवढं अन्न घरात असलेल्या त्या कुटुंबाने सकाळी तळाचे पोहे आणि प्रत्येकी एक बिस्कीट खाल्लं.

दुपारी निशिकांतरावांना तोडगा सुचला. "आज शनिवार आहे. मारुतीचा वार. आपण उपवास करू."

नीलिमाला क्षणभर हायसं वाटलं. उपवास म्हटल्यावर साबुदाण्याची खिचडी आली, वरीचे तांदूळ आले, दाण्याची आमटी आली. आपल्याकडे उपवासाला माणूस एरवीपेक्षा बरं जेवतो. ती उत्साहाने उठली आणि मग तिला आठवलं की साबुदाणा आणि शेंगदाणेसुद्धा शेल्टरमध्ये आहेत. पक्क्या राखीवात.

"म्हणजे हा नुसता उपाशी राहायचा उपवास?" तिने विचारलं.

"शुद्ध उपवास," निशिकांतराव म्हणाले. बोलताना त्यांचंही पोट वाजलं, पण त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

वल्लरीने मैत्रिणीकडे प्रोजेक्ट असल्याचं सांगितलं आणि ती गेली. रात्री ती घरी आली तेव्हा तिच्या केसांना तळलेल्या नूडल्सचा वास येत होता. नीलिमाने तो ओळखला आणि पोरीला जवळ घेऊन जरा जास्तच वेळ तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

रविवारी सकाळी नीलिमाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. निशिकांतराव बूट घालून "जरा जिने तपासून येतो" म्हणून बाहेर पडले होते. वल्लरीचं प्रोजेक्ट अजून संपलेलं नव्हतं. नीलिमाने पर्स उचलली. देवाला नमस्कार केला, "तेवढं पोटात घाल" म्हणाली, आणि मागच्या लिफ्टने उतरून थेट खाण्याच्या ठेल्यांचं हॉकर सेंटर गाठलं.

प्राट्याच्या, म्हणजे इथल्या पराठ्याच्या, दुकानापुढे रांग होती. गरम तव्यावर पीठ आपटल्याचा आवाज येत होता. तिने दोन प्लेन प्राटे आणि चहा घेतला, खांबाआडचं टेबल शोधलं, आणि बघते तर तिथे वल्लरी. समोर अर्ध्या संपलेल्या तळलेल्या नूडल्स, मी गोरेंग.

"आई, आय कॅन एक्स्प्लेन," वल्लरी म्हणाली.

"सरक आत," नीलिमा म्हणाली.

माय-लेकी खायला लागल्या. शेजारच्या टेबलावर कुणीतरी वर्तमानपत्र पूर्ण उघडून तोंडासमोर धरलं होतं. मधूनच एक हात पत्राच्या खालून यायचा, प्राट्याचा तुकडा वाटीतल्या करीमध्ये बुडवायचा आणि पुन्हा पत्रामागे जायचा. त्या हाताच्या मनगटावरचं घड्याळ नीलिमाच्या वडिलांनी लग्नात दिलं होतं.

"अहो," ती म्हणाली.

वर्तमानपत्र थरथरलं.

"अहो, पत्र उलटं धरलंय."

पत्र सुलटंच होतं, पण ते खाली आलं. निशिकांतरावांच्या मिशीला करी लागली होती. तेवढ्यात पलीकडून लिम आंटी घाईघाईने गेल्या, हातात चिकन राईसची पिशवी, ती पदराआड लपवावी तशी अंगाशी धरलेली. त्यांनी या टेबलाकडे पाहिलं. या टेबलाने त्यांच्याकडे पाहिलं. मग दोन्हीकडच्यांनी अत्यंत सभ्यपणे छताकडे बघितलं.

एरवी नीलिमा हसली असती. पण भूक आणि इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम वर आलं.

"तुमच्या आई वेंगुर्ल्यात बेगमी करायच्या," ती म्हणाली. "पावसाळ्याची. मी पाहिलीय ना ती खोली, छतापर्यंत बरण्या. पण पाऊस लागला की त्या बरण्या उघडायच्या आणि सगळ्या घराला पोटभर वाढायच्या. तुमच्या घरात पाऊस लागतच नाही. नुसती बेगमी."

"नीलिमा, लोक बघतायत."

"बघू देत. तुम्ही बोटीवर होतात तेव्हा मीही सगळं राखून ठेवलं. चांगली साडी तुम्ही आल्यावर नेसायची. सिनेमा तुम्ही आल्यावर. वल्लरीचा वाढदिवससुद्धा तुम्ही आल्यावर करायचा, तारीख उलटून गेली तरी. मला वाटायचं, एकदा हे घरी आले की मग सगळं उघडू. आलात तुम्ही. आणि पुन्हा कुलूप! मला आजचा दिवस आज जगायचाय हो. कंटाळा आलाय मला राखून ठेवायचा."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वल्लरीने खाणं थांबवलं. निशिकांतरावांनी हातातला प्राट्याचा तुकडा ताटलीत ठेवला.

"जहाज गेलं," ते म्हणाले. आवाज इतका हळू की नीलिमाला पुढे वाकावं लागलं. "ऑफिस गेलं. आता राखायला एवढंच उरलंय माझ्याकडे. तेही संपवलं तर मी सकाळी उठून करू काय?"

हे तिला माहीत होतं. वर्षभर रोज दिसत होतं. पण त्यांच्या तोंडून ऐकल्यावर तिचा राग कुठल्या कुठे गेला. तिने रुमाल काढून त्यांच्या मिशीची करी पुसली, भर हॉकर सेंटरमध्ये, आणि वल्लरीने "ओ माय गॉड" म्हणून तोंड फिरवलं.

"संध्याकाळी माणसं जेवायला यायचीत," नीलिमा म्हणाली. "ती काय बघायला येणार, ते तुम्हीच ठरवा."

घरी आल्यावर निशिकांतराव शेल्टरपुढे उभे राहिले. मग त्यांनी कडी ओढली. लोखंडी दार कुरकुरत उघडलं. पक्क्या राखीवातलं पोतं बाहेर काढताना त्यांचा चेहरा मुलीची पाठवणी करावी तसा झाला होता, पण त्यांनी ते काढलं. मागोमाग कुळथाचं पीठ, कोकम, जवळ्यांचा डबा. नीलिमाने पदर खोचला. दुपारभर घरात लसणीची फोडणी तडतडत होती आणि पंख्याला झेपणार नाही एवढा जवळ्यांचा वास कोंडला होता. वल्लरीने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मग येता-जाता चव घेत राहिली.

संध्याकाळी लिम आंटी आणि समितीचे दोघे आले. सकाळची भेट झालीच नव्हती, असं सगळ्यांनी धरून चाललं. त्यांनी शेल्टर बघितलं, पाण्याचे कॅन मोजले, मान डोलावली. मग सगळे टेबलाशी बसले. वाफाळता भात, कुळथाची पिठी, जवळ्यांची चटणी, सोलकढी. लिम आंटींनी पिठी चाखली, संपवली, आणि वाटी पुन्हा पुढे केली.

"आता एकच प्रश्न," त्या हातातल्या कागदावर बघत म्हणाल्या. "संकट आलंय. तुमच्याकडे साठा आहे. शेजाऱ्याकडे काहीच नाही. तुम्ही काय करणार?"

नीलिमाने नवऱ्याकडे पाहिलं. याच्यावरच सगळं होतं. या प्रश्नाला मनापासून उत्तर द्यायचं तर निशिकांतराव म्हणणार, शेजाऱ्याने वेळीच साठा का केला नाही? आणि गेलं काम. उद्या सकाळी पुन्हा तेच बूट आणि तेच उभं राहणं. बोला काहीतरी बरं, ती मनात म्हणत होती, खोटं का होईना.

निशिकांतराव खुर्ची मागे सारून उठले. शेल्टरमध्ये गेले. आतून मापटं पोत्यात खुपसल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, मग आणखी एकदा. भरलेला डबा काखोटीला मारून ते बाहेर आले आणि सरळ दार उघडून कॉरिडॉरमध्ये गेले.

"मिस्टर वाला!" लिम आंटी मागून ओरडल्या. "नुसता प्रश्न होता!"

"ते कळतंय मला," बाहेरून उत्तर आलं. "पण सराव अजून संपला नाही."

शेजारच्या दाराची घंटा वाजली. तिथे ओंग नावाचे एक म्हातारे गृहस्थ राहत होते. इतक्या वर्षांत वालावलकरांचा आणि त्यांचा संबंध लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे गेला नव्हता. दार उघडलं. अर्धवट इंग्रजी, अर्धवट हातवारे, असं काहीतरी बोलणं चाललेलं घरात ऐकू येत होतं. ते लांबलं. टेबलावरची माणसं हात सुकवत बसली होती. नीलिमा उठून दाराशी आली.

निशिकांतराव डबा घेऊन तसेच परत येत होते. भरलेलाच.

"घेतला नाही?" तिने विचारलं. तिचं मन खट्टू झालं.

"त्यांच्याकडे भांडंच नाही शिजवायला," ते म्हणाले. "बायको गेल्यापासून चूल पेटवलेली नाही त्यांनी. तिन्ही त्रिकाळ खालीच खातात. एकटे. अगं, आपल्या भिंतीला भिंत लागून आहे आणि आपल्याला पत्ता नाही." ते बाजूला झाले. त्यांच्या मागे सपाता घातलेले ओंग अंकल उभे होते, शर्टाचं वरचं बटण लावत, संकोचून. "नीलिमा, अजून एक पान घे."

नीलिमाने त्यांना आत घेतलं. लिम आंटी सरकल्या, वल्लरीने स्टूल आणलं. कुणीतरी चकाकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट पिशवीतून काढून सोफ्याच्या पाठीवर ठेवलं, पण निशिकांतरावांचं तिकडे लक्षच नव्हतं. ओंग अंकल पिठी कशी खायची ते विचारत होते, आणि ते भात कालवून दाखवत होते.

भात कमी पडला. नीलिमा दुसरा कुकर लावायला उठली आणि मापटं घेऊन शेल्टरच्या दारात सवयीने थबकली.

"थांबलीस काय?" निशिकांतराव टेबलावरूनच म्हणाले. "हात सैल सोडून काढ. उद्या सकाळी यांच्याकडे शेगडी बसवायला जायचंय मला, त्यांनाही डब्यात देऊ."